विश्लेषण : महागड्या ‘डॅक’चा आवाज खरेच शुद्ध असतो का? घरच्या घरी तपासणी कशी करायची?

मोबाइलमधून हेडफोनची खाच गेली आणि ‘टाइप-सी डाँगल’ नावाची नवी बाजारपेठ उभी राहिली. काहीशे रुपयांपासून लाखाच्या घरापर्यंत किमती असलेल्या या उपकरणांच्या खोक्यांवर ‘३२ बिट’, ‘३८४ किलोहर्ट्झ’, ‘स्टुडिओ क्वालिटी’ असे दावे असतात. हे दावे सामान्य ग्राहकाला तपासता येतात का? बऱ्याच अंशी येतात. मात्र त्यासाठी काय मोजायचे, कशाने मोजायचे आणि आलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हे आधी समजून घ्यावे लागते.

मुळात ‘डॅक’ म्हणजे काय?

मोबाइल किंवा लॅपटॉपमधील गाणे ही आकड्यांची लांबलचक यादी असते. कान मात्र आकडे ऐकत नाही, तो हवेच्या दाबातील चढउतार ऐकतो. या आकड्यांचे विजेच्या चढउतारात रूपांतर करणारी चिप म्हणजे ‘डिजिटल टू अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर’, थोडक्यात डॅक. तिच्यापुढचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर हेडफोनला लागणारी ताकद पुरवतो.

कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली, तेव्हा सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला १६ बिट असे प्रमाण ठरले. ४४,१०० हा विचित्र आकडा व्हिडीओ टेपमुळे आला. त्या काळी डिजिटल आवाज व्हिडीओ रेकॉर्डरवर साठवला जाई. दर सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येक फील्डमध्ये वापरण्याजोग्या २४५ रेषा आणि प्रत्येक रेषेवर ३ नमुने, यांचा गुणाकार ४४,१०० होतो. माणसाला साधारण २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ एवढेच ऐकू येते. सर्वांत वरच्या वारंवारितेच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने घेतले, तर मूळ लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते. त्यामुळे हा आकडा आजही पुरेसा ठरतो.

पूर्वी हा डॅक मोबाइलच्या आतच असे. २०१६ मध्ये ‘आयफोन ७’मधून ३.५ मिलिमीटरची खाच काढून टाकण्यात आली. पुढे बहुतेक महागड्या अँड्रॉइड मोबाइलनीही तोच मार्ग धरला आणि डॅक डाँगलमध्ये आला.

येथेच पहिली फसगत होते. सर्व टाइप-सी डाँगलमध्ये डॅक नसतो. काही डाँगल केवळ तारांची जोडणी करतात आणि आवाज मोबाइलने तयार करून टाइप-सीमधून द्यावा, अशी अपेक्षा ठेवतात. ही सोय नसलेल्या मोबाइलवर असे डाँगल मुकेच राहते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे डाँगल लॅपटॉपला जोडून पाहणे. ध्वनी उपकरणांच्या यादीत नवे नाव आले, तर आत डॅक आहे. नाव आलेच नाही, तर बहुधा नुसती तार आहे.

खोक्यावरील ३२ बिटचा दावा किती खरा?

प्रत्येक बिटमागे सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांतील अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढते. या हिशेबाने १६ बिटचे अंतर ९८ डेसिबल, २४ बिटचे १४६ डेसिबल, तर ३२ बिटचे १९४ डेसिबल होते. हे कागदावरचे गणित आहे. वास्तवात मर्यादा घालते ते भौतिकशास्त्र.

समजा, डॅक जास्तीत जास्त २ व्होल्ट देतो. त्याच्या १९४ डेसिबल खाली म्हणजे अर्ध्या नॅनोव्होल्टहूनही कमी. पण एक किलोओहमचा साधा रेझिस्टर टेबलावर नुसता पडला असला, तरी खोलीच्या तापमानाला त्यातील इलेक्ट्रॉनच्या हालचालीने ऐकू येणाऱ्या पट्ट्यात सुमारे अर्धा मायक्रोव्होल्ट नॉइज तयार होतो. हा नॉइज त्या अर्ध्या नॅनोव्होल्टच्या हजारपटीहून मोठा आहे. म्हणजेच ‘३२ बिट’ ही फाइल स्वीकारण्याची क्षमता असते, आवाजाची शुद्धता नव्हे.

खरी शुद्धता मोजणारा आकडा वेगळा आहे. मूळ सूर आणि त्यात डॅकने घातलेली सगळी भर यांचे गुणोत्तर म्हणजे ‘सिनॅड’. सिनॅडमधून १.७६ वजा करून ६.०२ ने भागले, की प्रत्यक्षात कामाला येणारे बिट मिळतात. सिनॅड १०० डेसिबल असेल तर १६.३ बिट, १२० डेसिबल असेल तर १९.६ बिट. आजचे अव्वल डॅकही साधारण २० बिटच्या आसपासच अडतात.

नेमके काय मोजायचे?

प्रयोगशाळेत डझनभर चाचण्या होतात. घरी पाच पुरेशा आहेत.

• डिस्टॉर्शन आणि नॉइज : एक किलोहर्ट्झचा शुद्ध सूर दिला, तर बाहेर तेवढाच सूर यायला हवा. प्रत्यक्षात २, ३, ४ किलोहर्ट्झवर त्याची पिल्ले दिसतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. शिवाय खाली खरखरीचा थर असतो. या दोन्हींची बेरीज म्हणजे ‘टीएचडी प्लस एन’. सिनॅड हा तोच आकडा, फक्त उलट चिन्हाचा.

• फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स : २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत सर्व सूर सारख्याच जोराने येतात का?

• दोन्ही बाजूंचा समतोल : डाव्या आणि उजव्या कानाला सारखाच आवाज मिळतो का?

• क्रॉसटॉक : फक्त डाव्या बाजूला सूर दिला, तर उजवीकडे किती झिरपतो?

• आउटपुट इम्पीडन्स : हेडफोन जोडल्यावर डॅकचा दाब किती खाली बसतो?

हे आकडे डेसिबलमध्ये येतात, म्हणून टक्क्यांशी सांगड लक्षात ठेवावी. उणे ४० डेसिबल म्हणजे १ टक्का, उणे ६० म्हणजे ०.१ टक्का, उणे ८० म्हणजे ०.०१ टक्का आणि उणे १०० म्हणजे ०.००१ टक्का.

घरी कोणती साधने लागतात?

ध्वनी मोजण्याच्या क्षेत्रात अमेरिकेतील ‘ऑडिओ प्रिसिजन’ कंपनीची यंत्रे प्रमाण मानली जातात. त्यांची किंमत लाखोंच्या घरात जाते. मात्र या क्षेत्राची घरगुती परंपराही जुनी आहे. बिल ह्युलेट आणि डेव्ह पॅकार्ड यांनी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील गॅरेजमध्ये सुरू केलेल्या कंपनीचे पहिले उत्पादन ध्वनी चाचणीसाठी शुद्ध सूर तयार करणारे यंत्रच होते. त्यातील सूर स्थिर ठेवण्याचे काम विजेचा एक साधा छोटा दिवा करीत असे. त्या यंत्राच्या सुधारित आवृत्तीचे आठ नग वॉल्ट डिस्ने कंपनीने ‘फँटेशिया’ चित्रपटाच्या ध्वनिव्यवस्थेसाठी घेतले होते.

आज घरी लागणारे मुख्य साधन म्हणजे ‘यूएसबी ऑडिओ इंटरफेस’. गायक, पॉडकास्ट करणारे आणि गिटार वाजवणारे मायक्रोफोन लॅपटॉपला जोडण्यासाठी जी पेटी वापरतात, तीच ही. साधी पेटी पाच ते पंधरा हजार रुपयांच्या घरात मिळते. एका चाचणीसाठी ती विकत घेण्याची गरज नाही. ओळखीतील एखाद्या गायकाकडून किंवा संगीत वर्गातून एक दिवसासाठी मागून आणली तरी काम होते.

लॅपटॉपच्या स्वत:च्या मायक्रोफोनच्या खाचेत डॅक जोडू नये. ती खाच बहुधा एकाच चॅनेलची असते, मायक्रोफोनसाठी तिच्यावर छोटा विद्युतदाब सोडलेला असतो आणि तिची मोजण्याची कुवत डॅकपेक्षा कितीतरी कमी असते.

सॉफ्टवेअर मोफत आहे. ‘रूम ईक्यू विझार्ड’, म्हणजेच ‘आरईडब्ल्यू’, हे विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. सूर तयार करणे, आलेख काढणे आणि डिस्टॉर्शनचा हिशेब ही तिन्ही कामे ते करते. फक्त आलेख पाहायचा असेल, तर ‘ऑडॅसिटी’ही चालते.

केबल निवडताना काळजी घ्यावी. एका टोकाला ३.५ मिलिमीटरची स्टीरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला ६.३५ मिलिमीटरच्या दोन मोनो पिना, अशी ‘वाय’ आकाराची केबल हवी. अनेक जण दोन्ही टोकांना स्टीरिओ पिन असलेली केबल वापरतात. इंटरफेसची खाच ‘बॅलन्स्ड’ असल्याने ती डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा करते. दोन्ही बाजूंना सारखाच सूर असेल, तर वजाबाकी शून्याजवळ येते आणि चांगला डॅक बिघडल्यासारखा दिसतो.

आधी काटा तपासा, मग माल...

भाजीवाल्याच्या वजनावर शंका असेल, तर आधी काटा रिकामा असताना शून्यावर येतो का ते पाहिले जाते. येथेही तेच करायचे असते. घरगुती चाचण्यांत सर्वाधिक वेळा गाळली जाणारी पायरीही हीच.

इंटरफेसचे स्वत:चे आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला जोडावे आणि मोजावे. याला ‘लूपबॅक’ म्हणतात. साध्या इंटरफेसमध्ये टीएचडी प्लस एन साधारण उणे ९० ते उणे १०० डेसिबलच्या आसपास येतो. समजा, तो उणे ९५ आला. याचा अर्थ ११५ डेसिबल सिनॅड असलेला डॅक या पेटीला जोडला, तरी ती ११५ दाखवूच शकणार नाही. ती आपलीच मर्यादा दाखवेल.

अशा वेळी ‘डॅकचा आकडा ९५ आला’ असे म्हणणे चूक ठरते. ‘डॅक या काट्याच्या पलीकडे आहे’ एवढेच म्हणता येते. उलट, डॅक जोडल्यावर आकडा उणे ७५ आला, तर ते २० डेसिबलचे नुकसान डॅकचे किंवा जोडणीचे आहे, हे खात्रीने सांगता येते. म्हणजेच घरच्या साधनांनी सर्वोत्तम डॅक निवडता येत नाही, पण खराब डॅक पकडता येतो. ग्राहकासाठी दुसरी गोष्टच अधिक कामाची आहे.

प्रत्यक्ष चाचणी कशी करायची?

१. आरईडब्ल्यूमध्ये एक किलोहर्ट्झचा सूर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या ‘वेव्ह’ फाइलमध्ये साठवावा. पातळी पूर्ण मर्यादेच्या १ डेसिबल खाली ठेवावी. एमपी३ वापरू नये, कारण ती स्वत:च आवाजात भर घालते. व्हॉट्सअ‍ॅपने मोबाइलवर पाठवायची असेल, तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

२. मोबाइलमधील इक्वलायझर, ‘डॉल्बी’, ‘सराउंड’ आणि आवाज सारखा करणाऱ्या सर्व सोयी बंद कराव्यात. खराब निकालाचे कारण अनेकदा डॅक नसतो, तर विसरून सुरू राहिलेला इक्वलायझर असतो.

३. इंटरफेसवर ‘लाइन’ पर्याय निवडावा, गिटारचा नव्हे. ४८ व्होल्टचे बटण बंद असल्याची खात्री करावी. डॅक केबलने इनपुटला जोडावा.

४. मोबाइलचा आवाज पूर्ण ठेवावा. इंटरफेसचा गेन असा ठेवावा, की मीटर पूर्ण मर्यादेच्या ३ ते ६ डेसिबल खाली राहील. लाल दिवा लागला, तर मोजमाप निरुपयोगी ठरते.

५. आरईडब्ल्यूच्या ‘आरटीए’ खिडकीत एफएफटीची लांबी ६४ के, विंडो ‘ब्लॅकमन-हॅरिस’ आणि किमान ८ मोजमापांची सरासरी निवडावी. डॅक आणि इंटरफेस यांची घड्याळे वेगळी असल्याने सूर किंचित सरकतो. योग्य विंडो नसेल, तर तो आलेखावर डोंगरासारखा पसरतो.

६. टीएचडी, टीएचडी प्लस एन आणि प्रत्येक हार्मोनिकची पातळी लिहून घ्यावी. मग आवाज निम्मा करून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. पूर्ण आवाजात हार्मोनिक एकदम उसळत असतील आणि थोडे कमी केल्यावर खाली जात असतील, तर डॅकचा अ‍ॅम्प्लिफायर शेवटच्या टप्प्यात दमतो आहे.

७. शेवटी ‘वाय स्प्लिटर’ लावून रोजच्या वापरातील हेडफोनही सोबत जोडावा आणि मोजमाप पुन्हा घ्यावे. हेडफोन कानावर मात्र ठेवू नये, कारण पूर्ण पातळीचा सूर कानांना त्रासदायक ठरतो. अनेक स्वस्त डाँगलचे आकडे मोकळे असताना उत्तम असतात आणि हेडफोनचा भार पडताच घसरतात. प्रत्यक्ष वापरात हाच दुसरा आकडा खरा असतो.

याशिवाय १९ आणि २० किलोहर्ट्झचे दोन सूर एकत्र देऊन पाहावेत. ते नीट हाताळले गेले नाहीत, तर त्यांच्या फरकाएवढा, म्हणजे १ किलोहर्ट्झचा, मुळात नसलेला सूर आलेखावर उगवतो. वरच्या पट्टीतील हा दोष एकट्या सुराच्या चाचणीत लपून राहतो.

आलेख वाचताना फसगत कुठे होते?

पहिला सापळा ‘नॉइज फ्लोअर’चा. आलेखात खालची रेषा उणे १४० डेसिबलजवळ दिसते आणि तोच डॅकचा नॉइज समजला जातो. प्रत्यक्षात एफएफटी एकूण नॉइजचे हजारो बारीक वाटे करून प्रत्येक वाटा वेगळा दाखवते. ६४ केच्या एफएफटीत असे ३२,७६८ वाटे पडतात. त्यामुळे रेषा खऱ्या नॉइजपेक्षा सुमारे ४५ डेसिबल खाली दिसते. उणे १०० डेसिबलचा नॉइज असलेल्या डॅकची रेषाही उणे १४५च्या आसपास दिसू शकते. म्हणून रेषेकडे पाहून निष्कर्ष काढू नये, सॉफ्टवेअरने केलेली बेरीजच वाचावी.

दुसरा सापळा विजेचा. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. आलेखावर ५०, १००, १५० हर्ट्झवर काट्यांसारखे उंचवटे दिसले, तर तो बहुतेकदा डॅकचा दोष नसून घरातील वीज मोजमापात शिरलेली असते. अर्थिंग नीट नसलेल्या घरांत हे हमखास घडते. उपाय साधा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवावा आणि डॅकला मोबाइलवरून सूर द्यावा. उंचवटे नाहीसे झाले, तर डॅक निर्दोष आहे.

तिसरा सापळा अधिक चोरटा आहे. डॅकचे हार्मोनिक आणि इंटरफेसचे हार्मोनिक उलट दिशेचे असतील, तर ते एकमेकांना खोडतात आणि निकाल खऱ्यापेक्षा चांगला येतो. म्हणून एकाच पातळीवर मोजून थांबू नये. गेन थोडा बदलून तीन-चार वेळा मोजावे. आकडा उड्या मारत असेल, तर त्यावर विसंबू नये.

चौथी अडचण अँड्रॉइडची. अनेक मोबाइलमध्ये सर्व आवाज आधी ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलला जातो आणि मग डॅककडे जातो. ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झ अशा दोन्ही फाइल वाजवून पाहाव्यात. एकीचा निकाल चांगला आणि दुसरीचा वाईट आला, तर दोष डॅकमध्ये नसून मोबाइलच्या रूपांतरात आहे.

मल्टीमीटरने काय कळते?

इंटरफेस मिळाला नाही, तरी एक महत्त्वाची गोष्ट मल्टीमीटरने मोजता येते. ती म्हणजे आउटपुट इम्पीडन्स. हा आकडा जास्त असेल, तर हेडफोननुसार आवाजाचा पोत बदलतो. काही इअरफोनमध्ये बास फुगतो, काहींत वरचे सूर दबतात.

यासाठी १०० हर्ट्झचा सूर वाजवावा, कारण साधे मल्टीमीटर वरच्या वारंवारितेला चुकीचे आकडे दाखवतात. आधी काही न जोडता व्होल्टेज मोजावे. मग ३३ ओहमचा, पाव वॉटचा रेझिस्टर भार म्हणून जोडून पुन्हा मोजावे. समजा, आकडे १.०० आणि ०.९७ व्होल्ट आले. पहिल्याला दुसऱ्याने भागून १ वजा करावा आणि ३३ ने गुणावे. उत्तर सुमारे १ ओहम येते. हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशाहून हा आकडा कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी ४ ओहमपर्यंत चालते. येथे १ ओहम म्हणजे उत्तम.

मात्र इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा पिवळा स्वस्त मल्टीमीटर येथे उपयोगी नाही. त्याची एसीची सर्वांत खालची रेंज बहुधा २०० व्होल्ट असते आणि तो ०.९७ व १.०० यांत फरक करू शकत नाही. २ किंवा ६ व्होल्टची एसी रेंज असलेला मीटर हवा.

किती आकडा पुरे?

शांत म्हणवणाऱ्या घरातही पंखा, रस्ता आणि शेजार धरून ३० ते ४० डेसिबलचा आवाज असतोच. ज्या कॅसेटवर एका पिढीने भावगीते आणि नाट्यगीते ऐकली, तिच्यातील गाणे आणि खरखर यांतील अंतर ५० ते ६० डेसिबलच्या आसपास असे. बालगंधर्वांच्या काळातील तबकड्यांत तर ते आणखी कमी होते. अशा ध्वनिमुद्रणात डॅकचा सिनॅड १०० आहे की १२०, याने काहीही फरक पडत नाही. मुद्रणातील खरखर डॅकच्या नॉइजच्या कितीतरी वर असते.

नव्या ध्वनिमुद्रणांसाठी ढोबळ मापे अशी धरता येतात. हेडफोन जोडलेला असताना टीएचडी प्लस एन उणे ८० डेसिबल किंवा त्याहून खाली, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झमध्ये अर्ध्या डेसिबलहून कमी चढउतार, डाव्या-उजव्या बाजूंत अर्ध्या डेसिबलहून कमी फरक आणि क्रॉसटॉक उणे ६० डेसिबलहून खाली. एवढे जमले, तर पुढचा खर्च डॅकवर नको. तोच पैसा चांगल्या हेडफोनवर लावावा, कारण हेडफोनचे डिस्टॉर्शन आणि चढउतार डॅकपेक्षा कितीतरी मोठे असतात.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये ‘ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटी’च्या नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट आणि सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या टप्प्यातून गाळून, असे दोन्ही प्रकारे श्रोत्यांना ऐकवले गेले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली. म्हणजे ४९.८ टक्के, नाणे उडवण्याइतकीच.

लंडनमधील संशोधक जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या खरा होता, पण अगदी थोडा. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले, तर सीडीच्या पलीकडच्या दर्जात मिळणारा फायदा असलाच तर फार बारीक आहे, एवढे स्पष्ट होते.

कानाने ऐकून का ठरवू नये?

ठरवावे, पण डोळे झाकून. किंचित मोठा आवाज माणसाला ‘अधिक मोठा’ वाटत नाही, तो ‘अधिक चांगला’ वाटतो. दुकानात महागडा डॅक भारी वाटण्याचे कारण अनेकदा एवढेच असते. दोन डॅकची तुलना करताना पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवावी लागते. व्होल्टेजमध्ये हा फरक सुमारे १.२ टक्के भरतो आणि चांगल्या मल्टीमीटरवर तो दिसतो.

त्यानंतर घरातील दुसऱ्या व्यक्तीने नाणे उडवून कोणता डॅक वाजवायचा ते ठरवावे आणि ऐकणाऱ्याने ओळखावे. अशा १६ फेऱ्या घ्याव्यात. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के असते. म्हणून १२ पर्यंत पोहोचले, तर फरक ऐकू येतो असे मानण्यास आधार मिळतो. आठ-नऊवर अडले, तर महागड्या डॅकचे पैसे वाचवण्यास हरकत नाही.

घरी काय मोजता येत नाही?

काही गोष्टींना मर्यादा आहेतच. डॅकचे घड्याळ किती अचूक चालते, हे दाखवणारे ‘जिटर’ मोजण्यासाठी ब्रिटिश अभियंते ज्युलियन डन यांनी तयार केलेला ‘जे-टेस्ट’ सूर वापरला जातो. ४८ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये तो १२ किलोहर्ट्झचा असतो आणि त्यासोबत शेवटच्या बिटची २५० हर्ट्झने उघडझाप होते. सूर मोफत तयार करता येतो, पण घरगुती इंटरफेसचे स्वत:चे घड्याळही त्याच आलेखात मिसळते. त्यामुळे ढोबळ दोष तेवढा कळतो.

ब्लूटूथ इअरबडही या पद्धतीत बसत नाहीत. त्यांचा डॅक कानातील कळीतच असतो आणि तार जोडायला जागा नसते. त्यामुळे ब्लूटूथ वापरणाऱ्याने मोबाइलसाठी वेगळा डॅक घेतला, तर त्याचा काहीच उपयोग होत नाही. मोबाइलमधून आकडे थेट इअरबडकडे जातात.

ग्राहकाला याचा उपयोग काय?

ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. त्या काळात एका संध्याकाळी ही चाचणी उरकता येते. एका बाजूचा आवाज कमी येणे, पूर्ण आवाजात फाटणे, हेडफोन जोडताच डिस्टॉर्शन वाढणे, एकाच चॅनेलमध्ये खरखर असणे हे दोष साध्या इंटरफेसवरही स्वच्छ दिसतात. ‘आवाज नीट वाटत नाही’ या तक्रारीला विक्रेता दाद देईलच असे नाही. ‘उजवी बाजू डाव्यापेक्षा ३ डेसिबलने कमी आहे’ असे आलेखासह लिहिलेली तक्रार टाळणे अवघड जाते. त्याआधी केबल उलटसुलट लावून आणि इंटरफेसचे इनपुट अदलाबदल करून पाहावे. दोष डॅकसोबत सरकला, तरच तो डॅकचा असतो.

दोष निघाला, तर मुदतीच्या आत वस्तू परत करावी. न निघाला, तर काहीशे रुपयांचे डाँगलही निर्धास्त वापरावे. ३८४ किलोहर्ट्झच्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण त्यात उरत नाही.